बिनडोक मोडेम आणि सातव्या माळेचा दिवा

कारंज्यात पहिल्यांदा मोडेम वाजला तेव्हा मार्केट यार्डातल्या बैलांनी दावी तोडली, असं मी आजवर निदान दोनशे जणांना सांगितलं आहे. बैलांनी काही तोडलं नव्हतं. एक शेळी दचकली होती, आणि तीसुद्धा बहुधा एसटीच्या हॉर्नला. पण तेव्हा गावात कॉम्प्युटर उघडून पुन्हा बंद करू शकणारा मी एकटाच, त्यामुळे मी जे सांगीन ते गाव ऐकून घेई. इंझोरीच्या एका शाळेतला कॉम्प्युटर मी नुसता हात फिरवून चालू केला, असंही लोक सांगतात. ते मात्र मी उठवलेलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही.

मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवर कॉम्प्युटरला बोलतं करणारी वस्तू. तिच्यात दोन जाती. एक बाहेर ठेवायचा डबा, लाल दिवे लुकलुकवणारा. त्याच्या पोटात त्याचं स्वतःचं डोकं असे. दुसरी जात कॉम्प्युटरच्या आत बसणारी, वीतभर पट्टी. ही निम्म्याहून स्वस्त. स्वस्त का, तर तिला डोकंच नसे. तारेवरून येणारी किर्र-कुईं ऐकायची, तिचा अर्थ लावायचा, उलट किर्र-कुईं तयार करायची, ही सगळी मेहनत ती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडून करून घेई. प्रोसेसर रिकामा असला की हिच्यासारखी गुणी वस्तू नाही. पण तो दुसऱ्या कामात गुंतला की ही तोंड उघडून तशीच उभी. मग तारेच्या पलीकडचं यंत्र समजे की इकडचा माणूस गेला, आणि फोन ठेवून देई.

हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला ते सांगायचं नसतं, हेही माहीत होतं.

बसस्टँडच्या मागे एका डॉक्टरांचा दहा खाटांचा दवाखाना होता. छातीत दुखणारा पेशंट आला की ते ईसीजीची पट्टी कागदावर चिकटवून नागपूरच्या एका हृदयाच्या डॉक्टरांना फॅक्स करत, आणि ते बघून फोनवर सांगत की काय करायचं. एका उन्हाळ्यात व्होल्टेज असं चढलं की फॅक्सचं मशीन जळालं. डॉक्टर नवं घ्यायला निघाले तेव्हा मी त्यांना दारात अडवलं.

"साहेब, कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे! त्याच्यातच फॅक्स बसवून देतो. स्कॅनरवर कागद ठेवला, बटन दाबलं, नागपुरात निघाला."

आणि शेलूबाजारच्या एका दुकानदारानं परत केलेली मोडेमची बिनडोक पट्टी मी त्यात बसवून दिली. त्यानं परत का केली ते मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

तरी एवढ्यानं काही बिघडलं नसतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, फॅक्स जात होते. मग नवरात्र आलं.

डॉक्टरांच्या आईला सगळा दवाखाना 'माय' म्हणे. सत्तरीची बाई, गुडघे दुखरे, आवाज मात्र असा की कारंज्यातून हाक मारली तर मंगरूळपीरचा माणूस 'ओ' देईल. दवाखाना सुरू झाला त्या वर्षी मायनं नेम धरला होता. नवरात्राचे नऊ दिवस दवाखान्यातच अखंड दिवा ठेवायचा, आणि देवीला मागायचं एकच. या नऊ दिवसांत इथून कोणाला आडवं न्यावं लागू नये. वर्षानुवर्षं तो दिवा तपासणीच्या खोलीत कोनाड्यात तेवत राहिला. पण त्या वर्षी डॉक्टरांनी शेजारच्याच खोलीत ऑक्सिजनची सिलिंडरं आणून उभी केली आणि दवाखान्यात ज्योत बंद. काडीपेटीसुद्धा बंद. ओट्यावर ठेवावा तर वारा आणि कुत्री. मायलेकांत दोन दिवस अबोला होता.

तेव्हा मी मध्ये पडलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

"माय, मी तुले असा दिवा देतो," मी म्हणालो, "का तेल लागत नाई, वात लागत नाई, आन वादळ आलं तरी इझत नाई."

नागपूरच्या बाजारात मला एक सीडी मिळाली होती. तिच्यात एक दिवा होता. पडदाभर काळोख, मधोमध पितळी समई, आणि ज्योत अशी की तिचा प्रत्येक हेलकावा नव्यानं काढलेला. वर धुराची रेघ, मागे भिंतीवर सावली. पाव तासानं घंटा. माय बघतच राहिली. तिनं पडद्याला हळद-कुंकू लावलं. ते कुंकू काचेवरून पुढं वर्षभर निघालं नाही. वीज गेली तरी चालावं म्हणून मी खाली बॅटरीचा डबा जोडून दिला. घटस्थापनेला दिवा लागला, मायनं मला खोबऱ्याचा प्रसाद दिला, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. कॉम्प्युटर तोच होता, तपासणीच्या खोलीतला, फॅक्स ज्याच्यातून जायचा तो. एका प्रोसेसरच्या मानेवर मी दोन जोखडं ठेवली होती, आणि हे कारंज्यात एकट्या मलाच कळत होतं. मी मनाशी म्हटलं, नऊ दिवसांत कोणाच्या छातीत कशाला दुखतंय?

सातव्या माळेला सकाळी साडेनऊला दुखलं. माझ्या बाबांच्या.

बाबा मार्केट यार्डात मापारी. आयुष्यभर काट्यासमोर उभं राहिलेला माणूस. आडत्या असो की शेतकरी, काट्यानं जे दाखवलं ते मोठ्यानं ओरडून सांगायचं, त्यात गुंजभर इकडे-तिकडे नाही. असा माणूस आणि पोटचा पोरगा मी. त्या दिवशी सोयाबीनची आवक धो-धो होती. पोतं काट्यावर चढवताना बाबा थांबले, काट्याची साखळी धरून खाली बसले आणि म्हणाले म्हणे, "याचं माप झालं नाई अजून, लिहू नोका." हमालांनी त्यांना हातगाडीवर घालून दवाखान्यात आणलं. मी पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता आणि अंगातला सदरा पाण्यातून काढल्यासारखा.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, नागपूरला फोन लावला. मी बाजूला उभा.

"हार्ट अटॅक वाटून राह्यला सर. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. पण यांना दोन वर्षांपूर्वी अल्सरमधून रक्ताची उलटी झाली होती." मग बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. त्यांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं, आणि मी ते कधी वाढवलं नाही. इंजेक्शन दिलं नाही तर हृदय मरत जाईल, मिनिटामिनिटाला थोडं-थोडं. दिलं, आणि पट्टीवरची खूण आपण समजतो तशी नसली, तर पोटात रक्तस्राव होऊन माणूस जाईल. अमरावतीला न्यायचं तर दीड तासाचा रस्ता. नागपूरच्या डॉक्टरांना पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. आणि अकराला वीस मिनिटं कमी असताना ते ऑपरेशनला आत जाणार होते. मग दोन तास हाती लागणार नव्हते.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"लाव," डॉक्टर म्हणाले. "तूच बसवला आहे ना."

गावात दुसरा फॅक्स नव्हता का? होता. चौकातल्या एसटीडीवाल्याकडे एक होता. तो माझ्याच टेबलावर पडला होता, चाळीस तुकड्यांत, दुरुस्तीला.

मी कागद स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर समई तेवत होती, आणि पडद्यासमोर स्टुलावर माय, हातात जपमाळ, गेले सात दिवस बसत होती तशी. शेजारच्या खोलीचं दार उघडं, तिथून बाबांच्या श्वासाची घरघर. मी दिव्याच्या कोपऱ्यात फॅक्सची खिडकी उघडली, नंबर लावला. मोडेमनं कुईं केली. नागपूरनं उत्तर दिलं. किर्र सुरू झाली. मी इतका खूश झालो की डॉक्टरांकडे बघून मान हलवली. पानाचा पाव भाग गेला. तेवढ्यात पडद्यावर घंटा वाजली, समईची ज्योत उंच झाली, आणि किर्र मध्येच तुटली.

'संपर्क तुटला.'

लगेच नागपूरचा फोन. "तुमच्या पेशंटचं नाव आलंय, वय आलंय. हृदय आलं नाही."

"लाइन खराब आहे साहेब," मी म्हणालो. "इंझोरीच्या रस्त्यावर केबल खोदून राह्यले."

कोणी खोदत नव्हतं. मी एक लहान खिडकी उघडली, प्रोसेसर किती गुंतला आहे ते दाखवणारी. तिच्यात एक हिरवी रेघ सरकत असते. काम कमी तर रेघ खाली, काम जास्त तर वर. ती रेघ अगदी छताला टेकून सरळ चालली होती. शंभर टक्के. स्कॅनरवर बाबांची पट्टी, तिच्यात रेघ वर-खाली उड्या मारणारी. पडद्यावर ही सपाट. कोणती बघून जास्त घाबरावं ते मला कळेना.

दिवा बंद केला की काम झालं. एक बटन. पण बटन दाबायचं तर मायला सांगावं लागणार होतं की वादळात न विझणारा दिवा फॅक्सनं विझतो. डॉक्टरांना सांगावं लागणार होतं की मी तुमच्या गळ्यात बिनडोक मोडेम मारला. आणि तिसरी गोष्ट मी आजवर कोणाला बोललो नाही. मी देवा-धर्माची टिंगल करत गावभर फिरणारा माणूस, पण माझं बोट त्या बटनाकडे जाईना. माय ज्यासाठी तो दिवा राखत होती, ते शेजारच्या खोलीत माझ्या बाबांच्या रूपानं पडलं होतं. दिवा विझवला आणि पलीकडची घरघर थांबली तर?

म्हणून मी मला येत होतं ते केलं. लबाडी केली.

आधी दिव्याची खिडकी लहान करून खाली दडवली.

"दिवा कुठी गेला बे?" माय स्टुलावरून अर्धी उठली.

"पडद्यामागं आहे माय. लागलेलाच आहे. देवीले बी पडदा करतेतच ना मंदिरात?"

हे खोटं नव्हतं, आणि तीच अडचण होती. दिसत नसला तरी दिवा आत तेवत होता आणि तेवढंच खात होता. हिरवी रेघ जेमतेम बोटभर खाली आली. मी पुन्हा नंबर लावला. या खेपेला अर्ध्याच्या वर पान गेलं. मग घंटा नसताना, काही नसताना, तुटलं. नागपूरचा फोन: "वरच्या दोन ओळी आल्या. खालच्या काळ्या पट्ट्या आहेत. मला खालच्याच हव्यात."

"बाबा कसे आहेत?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तू तुह्यं पाह्य," डॉक्टर म्हणाले. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारा माणूस. त्यांच्या हातात इंजेक्शनची बाटली होती आणि ती ते नुसती फिरवत होते.

मी पडद्यावरच्या घड्याळाशेजारची बारकी चित्रं एकेक करून बंद केली. व्हायरस शोधणारं, तारीख सांगणारं, प्रिंटरची वाट बघणारं. फॅक्सचा वेग उतरवला, पुन्हा उतरवला, बैलगाडीइतका केला. वेग कमी म्हणजे पान जायला जास्त वेळ, आणि जास्त वेळ म्हणजे तुटायला जास्त जागा, हे त्या घाईत सुचलं नाही. कपाळावरचा घाम कीबोर्डावर पडत होता. तिसऱ्यांदा किर्र सुरू झाली. तीस टक्के. चाळीस. मायची जपमाळ थांबली होती. पन्नास. साठ. पलीकडे बाबा खोकले, माझी मान तिकडे वळली, परत वळली तोवर 'संपर्क तुटला.'

साडेदहा.

डॉक्टर पलीकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "देऊन टाकतो मी," ते म्हणाले, पण आत गेले नाहीत. तेवढ्यात बाबांनी मास्क बाजूला केला. त्यांना तिथून मी सरळ दिसत होतो. पांढऱ्या चेहऱ्यानं, पण यार्डात विचारतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं:

"काटा कुठी अटकला बे?"

"लाइन..." मी सुरू केलं.

"लाइन नोको सांगू. तुह्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपनापासून पाहून राह्यलो. खरं काय वजन आहे ते सांग."

कुठून तोंड उघडलं कोण जाणे. "दिव्यात," मी म्हणालो. "दिव्यात अटकला बाबा. मोडेमले डोकं नाई. तो कॉम्प्युटरच्या डोक्यानं चालते, आन ते सगळं डोकं दिवा खाऊन राह्यला. दोघायले पुरत नाई. मीच बसवले दोन्ही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

"मंग दिवा ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "बाईचा नेम मोडू नोको माह्यासाठी. नऊ दिवसाचा दिवा इझवून वाचलेला मानूस म्हनून मले नाई मिरवायचं यार्डात."

आणि मास्क लावून त्यांनी डोळे मिटले. मी बटनावर बोट ठेवून बसलो होतो. दाबू की नको. खरोखर सांगतो, ते बोट माझं नव्हतं.

"तू चूप ऱ्हाय," माय कडाडली. बाबांना. मग माझ्याकडे वळली. "आन तू! मेल्या, वीस मिन्टापासून माह्या तोंडाकडे पाहून राह्यला, सांगतलं काहून नाई?"

"दिवा इझवा लागते माय..."

"इझवा लागते त इझव! मी काय आज दिवा लावून राह्यली? अखंड दिव्याची काजळी काढा लागते का नाई? वात बदला लागते का नाई? तवा काय करतेत बाया? बाजूले दुसरी वात लावून ठेवतेत त्याच दिव्यावून. ज्योत तिच्यात ऱ्हायते. मंग हा इझवून, झाडून, पुन्हा तिच्यावून लावतेत. एवढं तुह्या मायले इचारलं असतं त तिनं बी सांगतलं असतं!"

मायनं कोनाड्यातलं निरांजन उचललं. त्यात तुपात भिजवलेली फुलवात होती, सात दिवसांत लागली नव्हती.

"आई, इथं काडी ओढायची नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजन चालू आहे."

"मले समजते. बाहीर जातो." आणि माझ्याकडे: "दिवा पुढं आन."

मी समई पडद्यावर आणली. मायनं निरांजन उचलून काचेला टेकवलं, वातीचं टोक बरोबर ज्योतीवर. डोळे मिटून काही पुटपुटली. मग दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला, वाऱ्यानं विझू नये म्हणून धरतात तसा, आणि निघाली.

वात पेटलेली नव्हती. हे मी पुन्हा सांगतो, कारण मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं की पडद्यातून ज्योत बाहेर आली असं आता मी म्हणणार. वात पांढरीच होती. पण माय तिला अशी जपत चालली होती की मीसुद्धा श्वास रोखला. दुखरे गुडघे, एक-एक पाऊल. बाबांच्या खाटेजवळून जाताना तिनं निरांजन पदराच्या आत घेतलं, ऑक्सिजनपासून दूर. बाबांनी डोळे उघडले आणि कोणी खरी ज्योत नेत असताना अंग चोरतात तसं अंग चोरलं. नर्स बाजूला झाली. व्हरांडा, मग दार, मग ओटा. त्या पंचवीस पावलांना किती वेळ लागला ते मी दरवेळी वेगवेगळं सांगतो. घड्याळात दोन मिनिटं गेली होती.

बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला. मग मंगरूळपीरला ऐकू जाईल अशी हाक:

"इझव बे आता!"

मी बटन दाबलं. समई गेली, काळोख गेला, सावली गेली. पडद्यावर नुसता निळा रंग आणि मायचं कुंकू राहिलं. हिरवी रेघ छतावरून सुटली आणि विहिरीत दगड पडावा तशी खाली गेली. शेजारची घरघर मी ऐकली. चालू होती.

नंबर लावला. कुईं. उत्तर. किर्र.

खिडकीतून मला ओट्यावरची माय दिसत होती. वारा सुटला होता. तिनं निरांजन छातीशी धरलं होतं आणि पदराचा आडोसा केला होता, आणि वारा जिकडून येई तिकडे पाठ करत ती जागच्या जागी फिरत होती. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी एकजण उठून तिच्याजवळ उभा राहिला. मग दुसरा. कोणी टोपी आडवी धरली, कोणी पिशवी. पन्नास टक्के. साठ टक्के, जिथं मघाशी तुटलं होतं. डॉक्टर माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. ऐंशी. हिरवी रेघ तळाशी डुलत होती, मोडेमला पाहिजे तेवढं डोकं मोकळं होतं. नव्वद. किर्र थांबली.

'पान पोचलं.'

अकराला तीन मिनिटं कमी असल्यासारखं मला वाटत होतं. घड्याळ बघितलं तर दहा सदतीस. फोन वाजायला आणखी एक मिनिट गेलं. डॉक्टरांनी पहिल्या घंटीला उचलला.

"हो सर... खालच्या तीनही... हो सर... पोटासाठी आधी ते देतो, मग हे... हो सर." आणि फोन न ठेवताच, वायर ताणून, त्यांनी नर्सला हाक मारली, "सुई भर!"

इंजेक्शन तासभर थेंबाथेंबानं गेलं. त्या तासात मी काय केलं ते आठवत नाही. दुपारी बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, "त्या पोत्याचं माप कोन केलं?"

पण त्याआधीचं एक राहिलं. फोन झाल्या झाल्या माय ओट्यावरून ओरडली, "लाव आता!" ती आत येऊ शकत नव्हती, ज्योत पेटलेली. मग ती बाहेरून खिडकीशी आली. मी टेबल ओढून पडदा खिडकीच्या काचेला भिडवला. तिनं बाहेरून काचेवर ज्योत टेकवली, मी आतून दिवा चालू केला. समई उमटली. माय दोन क्षण दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिली, खात्री पटल्यावर तिनं पदरानं निरांजन शांत केलं. मग उरलेले दोन दिवस, फॅक्स करायचा झाला की निरांजन बाहेर, फॅक्स झाला की परत. दसऱ्यानंतर मी माझ्या घरचा लाल दिव्यांचा डबा, स्वतःचं डोकं असलेला, डॉक्टरांना नेऊन जोडून दिला. त्यांनी तो ठेवून घेतला. पाठीवर थाप मारली नाही.

डॉक्टरांनी नंतर एकदाच, बाबा घरी जाताना, मला बाजूला घेऊन सांगितलं. हृदयाचा खालचा एक भाग गेला आहे, तो परत यायचा नाही. "वीस मिनिटं आधी असतं तर?" मी विचारलं. "कमी गेला असता," ते म्हणाले. "किती कमी ते मी सांगू शकत नाही."

बाबा यार्डात परत गेले, पण पोत्याला हात लावायला नाही. काट्याशेजारी खुर्ची टाकून ते नुसतं वजन ओरडत. बाजार समितीच्या ऑफिसला सहा पायऱ्या आहेत. चौथीवर बसत, मग पुढच्या दोन. चौथ्या पायरीचा कोपरा त्यांच्या बसण्यानं गुळगुळीत झाला आहे, असं मी सांगतो. तो आधीपासूनच तसा असेल.

ही गोष्ट मी चहाच्या टपरीवर किती वेळा सांगितली असेल. माझ्या तोंडून ती वाढत गेली. ओट्यावर पन्नास माणसं टोप्या धरून उभी राहिली. वादळ सुटलं. नागपूरचे डॉक्टर हातमोजे घालून फॅक्सपाशी उभे राहिले. मी फोनची तार दातात धरून जोडली. बाबा शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत. पन्नास माणसांना त्यांनी हरकत घेतली नाही, वादळालाही नाही. गोष्ट संपून लोक टाळ्या देऊ लागले की मगच बशीतला चहा संपवून विचारत:

"आन ते वीस मिन्टं? ते काहून काट्यावर नाई ठेवले?"

मग मला ती ठेवावी लागत. लाइन खोदतात असं मी म्हणालो ते, पडद्यामागे दिवा दडवला ते, मायच्या तोंडाकडे बघत बसलो ते. लोकांचं हसू कमी होई. बाबा उठत, माझ्या खांद्यावर हात टेकून उभे राहत, श्वास जुळेपर्यंत थांबत, आणि आम्ही चालू लागायचो. हात जड असे. किती, ते त्यांनी नेमकं सांगितलं असतं.